साप चावला, दात त्वचेतच राहिला? सुई-ब्लेड ठेवा बाजूला, आधी दवाखाना गाठा!

पिंप्राळा (जळगाव) : एकीकडे नव्या कॉलन्या, दुसरीकडे शेतशिवार. पिंप्राळ्यासारख्या शहरालगतच्या भागात पावसाळ्यात साप घराच्या आडोशाला येणारच. प्रश्न सुरू होतो तो पुढे. ‘बिनविषारी आहे’ म्हणत साप हातात धरायचा, बरणीत ठेवायचा, रील काढायची. मग चावा बसतो. रक्त थांबतं, पण आत काहीतरी टोचत राहतं.

दात तुटतो कसा?
धामण, दिवड, मांडूळ या सापांना विषदंत नसतात. त्यांचे दात सुईसारखे बारीक आणि घशाकडे वळलेले असतात, म्हणजे भक्ष्य निसटत नाही. चावा बसताच माणूस हात झटक्याने मागे ओढतो आणि आकड्यासारखा रुतलेला दात मोडतो. सापाचं फारसं बिघडत नाही, त्याला आयुष्यभर नवे दात येत राहतात. नागाचे विषदंतही पुन्हा येतात. म्हणून ‘दात काढलेला नाग’ सुरक्षित समजणं हा निव्वळ भ्रम आहे.

राहिलेला दात घातक का?
बिनविषारी सापाच्या दातातून विष पसरत नाही. तो कधी आपोआप बाहेर येतो, कधी तिथे सूज येते, पू होतो. साप बिनविषारी असल्याची पक्की खात्री असेल, तर जखम साबण-पाण्याने धुवावी. दात डॉक्टरांकडूनच काढून घ्यावा, धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दलही विचारावं.

मग घाई कशाची?
घाई साप नेमका कोणता, या प्रश्नाची. बिनविषारी कवड्या आणि जहाल विषारी मण्यार यांत भले भले फसतात. मण्यारचा चावा फारसा दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही. घोणस किंवा फुरसं असेल तर रक्त गोठणं बिघडतं. अशा वेळी दात शोधायला ब्लेड लावलं, तर रक्तस्राव थांबता थांबत नाही. शंका असेल तर जखम धुऊ नये, चोळू नये, आवळून बांधू नये. हात-पाय स्थिर ठेवून १०८ ला फोन करावा. रुग्णालयात रक्त काचेच्या नळीत २० मिनिटं ठेवून ते गोठतं का, ही साधी तपासणीही बरंच सांगून जाते.

पाळता येतो का?
नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार धामण, मांडूळ, नाग पकडून घरात ठेवणं गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या परदेशी सापांचीही नोंदणी बंधनकारक आहे.

२००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू झाल्याचा संशोधकांचा अंदाज आहे. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचं केंद्राचं उद्दिष्ट आहे. नुसत्या प्रतिविषाच्या कुप्यांनी ते गाठता येणार नाही. सापाला खेळणं समजणं आधी थांबायला हवं. चावल्याची लाज वाटून किंवा वन विभागाच्या भीतीने घरीच सुईने कोरत बसणं, हा तर जिवाशी खेळ. घरात साप दिसला, तर वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे. चावलाच, तर डॉक्टरांना खरं सांगा. त्वचेतला दात दोन दिवसांनीही निघेल, गेलेला तास मात्र परत येत नाही.