शब्दांची बिऱ्हाडे : गिफ्ट

दिवाळीत ‘गिफ्ट’ हा शब्द आपल्याकडे मुलाबाळांच्याही तोंडी असतो. पण जर्मनीत एखाद्या बाटलीवर तो दिसला, तर वाचकहो, तिला हात लावू नका! जर्मन भाषेत ‘गिफ्ट’ म्हणजे विष. डेन्मार्कमध्ये त्याचे अर्थ दोन : एक विष आणि दुसरा विवाहित! तेथील गृहस्थ ‘मी गिफ्ट आहे’ म्हणाला, तर तो संसाराला विटला आहे असे समजू नये. आपले लग्न झाले आहे, एवढेच तो सांगत असतो.

गंमत अशी, की ही तिन्ही बिऱ्हाडे एकाच वाड्यातली आहेत. इंग्रजी ‘गिव्ह’ आणि जर्मन ‘गेबेन’ यांच्या कुळातल्या या शब्दाचा मूळ अर्थ केवळ ‘देणे’. जुन्या जर्मनमध्येही तो देणगी असाच होता. पुढे वैद्यांच्या ग्रीक ‘दोसिस’ या शब्दाची छाया त्याच्यावर पडली. दोसिस म्हणजे देणे, आणि म्हणून दिलेली मात्रा. आपला ‘डोस’ तो हाच, आणि आपल्या ‘दान’ शब्दाशीही त्याचे रक्ताचे नाते आहे. ‘विष घातले’ म्हणण्यापेक्षा ‘काही दिले’ म्हणणे सभ्यपणाचे. हा आडपडदा धरता धरता विष हाच शब्दाचा अर्थ होऊन बसला.

लग्नही देण्यातूनच आले. प्राचीन इंग्रजीत हा शब्द वधूमूल्याला लावीत आणि त्याचे अनेकवचन म्हणजे लग्न. डॅनिश ‘गिफ्ट’चा मूळ अर्थही ‘लग्नात दिलेली’. जर्मनमध्ये देण्याचा जुना अर्थ एका जोडशब्दात अजून टिकून आहे : ‘मिटगिफ्ट’, म्हणजे मुलीबरोबर दिलेला हुंडा. आपल्याकडे हुंडाबंदीचा कायदा १९६१ साली झाला, पण हुंड्यापायी मुलींचे बळी जाणे थांबलेले नाही. हुंडा आणि विष यांचे नाते कळायला आपल्याला जर्मन शिकण्याची गरज नाही.

डेन्मार्कमध्ये आज नवरा आणि बायको दोघेही ‘गिफ्ट’ असतात. आपण मात्र ‘थोरली नाशिकला दिली’ असे अगदी सहज म्हणतो. ‘धाकटा नाशिकला दिला’ असे कानी आले, तर ऐकणारा विचारील, “का हो, दत्तक दिला की काय?”