उतरती किंमत, चढतं वय

गाडी शोरूमच्या फाटकातून बाहेर पडली की तिची किंमत उतरली, हे वाक्य आमच्या गडचांदूरच्या कुठल्याही चहाटपरीवर तुम्हाला ऐकायला मिळेल. ते खरंही आहे. विम्यासाठी गाडीची किंमत ठरवायचा जो तक्ता आहे, त्यात सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के घट धरलेली आहे. पाच वर्षांनंतर कंपनीने आणि मालकाने आपसांत ठरवायचं. बाजारातला भाव या तक्त्याप्रमाणे तंतोतंत चालत नाही, पण उताराची दिशा तीच.

मला एक जुनी फोक्सवॅगन पोलो जीटी घ्यायची आहे. खऱ्या अर्थाने ती स्पोर्ट्स कार नव्हे हे मला ठाऊक आहे. दोन दारांच्या, जमिनीला चिकटून धावणाऱ्या गाड्या माझ्यासारख्या मास्तरच्या पगारात बसत नाहीत आणि आमच्या रस्त्यांवरही बसत नाहीत. पण लहान अंगाची, मोठ्या दमाची ही गाडी आपल्याच पुण्याजवळ चाकणला बनायची. २०१३ साली ती आली आणि २०२२ साली पोलोचं उत्पादनच थांबलं. माझ्या या इच्छेवर घरात, शाळेत आणि मशिदीबाहेरच्या कट्ट्यावर एकच सल्ला मिळतो : "थांबा सर, अजून स्वस्त होईल."

या सल्ल्याबद्दल मला लिहायचं आहे, कारण तो शहाणपणाचा वाटतो आणि अर्धाच शहाणा आहे.

आधी हिशेब करू. समजा, गाडी नवी असताना १० लाखांची होती आणि पाच वर्षांनी ५ लाखांना मिळाली. पहिल्या मालकाचे वर्षाला १ लाख गेले. मी ती ५ लाखांना घेऊन पाच वर्षं चालवली आणि अडीच लाखांना विकली, तर माझे वर्षाला ५० हजार जातील. म्हणजे महिन्याला सव्वाचार हजारांच्या आत. मोठा घाव पहिल्याने सोसलेला असतो. मी आणखी तीन वर्षं थांबलो तर कदाचित दीड लाख वाचतील. पण तेवढ्या काळात गाडीचे रबर, सस्पेन्शन, क्लच, एसी असे सगळे भाग म्हातारे होतात आणि वाचलेला पैसा मिस्त्रीच्या हातात जातो. किंमत उतरते तसा दुरुस्तीचा खर्च चढतो. या दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे घ्यायची वेळ असते. माझ्या मते अशा गाडीसाठी ती चौथ्या ते सातव्या वर्षाच्या मधे कुठेतरी आहे.

यातही गाडी कुठली, हे महत्त्वाचं. आधीच्या १.२ लिटरच्या पोलो जीटीत सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स होता. चालवायला झकास, पण त्याचं मेकॅट्रॉनिक युनिट बिघडलं तर बिल पाहून घाम फुटतो. २०२० मध्ये बीएस-६ चे नियम लागू झाल्यावर १.० लिटरचं इंजिन आलं आणि ऑटोमॅटिकमध्ये साधा, टिकाऊ समजला जाणारा टॉर्क कन्व्हर्टर आला. म्हणून माझी नजर २०२० ते २०२२ च्या गाड्यांवर आहे. शिवाय उत्पादन बंद झालेल्या गाडीचं गणित वेगळं असतं : चाहते टिकून राहिले तर भाव धरून ठेवते, पण सुटे भाग दरवर्षी थोडे दुर्मीळ होतात. रांजणगावला बनणारी १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंतो आठवा. २०१५ साली केवढं कौतुक झालं होतं तिचं! आज ती घेणाऱ्याला गाडीआधी तिचे भाग मिळवून देणारा माणूस शोधावा लागतो.

बाजारभाव आपल्या हातात नसतो, हे तर सप्टेंबर २०२५ मध्ये सगळ्यांनीच पाहिलं. लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, नव्या गाड्या स्वस्त झाल्या आणि जुन्या गाड्या विकायला काढलेल्यांचे भावही त्यासोबत खाली ओढले गेले. नेमका तळ गाठून खरेदी करणं सोन्याच्या व्यापाऱ्यालाही जमत नाही. आपण कशाला त्या फंदात पडायचं?

आता मूळ मुद्दा. आमच्याकडे जकातीचा एक साधा नियम आहे. विकण्यासाठी ठेवलेल्या मालावर जकात लागते; स्वतःच्या वापराचं घर, कपडे, वाहन यांवर लागत नाही. लहानपणी हे पाठ केलं होतं. गाडीचा विचार करताना त्यातला अर्थ उमगला. वस्तू माल म्हणून ठेवली की तिचा भाव रोज बघावा लागतो. वापरायला घेतली की तिचा उपयोग बघावा लागतो. किमतीच्या घसरणीची भीती ही व्यापाऱ्याची भीती आहे आणि ती त्याला शोभते. मी गाडी चालवायला घेणार असेन तर घसरण हे तिचं भाडं आहे. ते मला परवडतं का, एवढाच प्रश्न.

"पण ही फिजूलखर्ची नाही का?" कट्ट्यावरच्या एका बुजुर्गांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, आमच्याकडे निषिद्धच आहे. तिचं माप मी असं लावतो : या पैशावर आधी कुणाचा हक्क होता? मुलगी पुढच्या वर्षी बारावीला आहे. तिच्या नागपूरच्या क्लासची आणि होस्टेलची दोन वर्षांची रक्कम बाजूला पडायला हवी. अम्मीच्या औषधांचे आणि अचानक दवाखान्याचे पैसे वेगळे हवेत. व्याजाचं कर्ज मी घेत नाही, त्यामुळे हप्त्यांचा मोह आपोआप बाद होतो. आणि व्याज चालणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं की जुन्या गाडीच्या कर्जाचा दर नव्या गाडीपेक्षा बहुधा जास्तच असतो. शिवाय गाडीच्या किमतीच्या पंधरा-वीस टक्के रक्कम दुरुस्तीसाठी हाताशी हवी. एवढं सगळं ठेवून उरलं तर ती गाडी चैन असेल, पण उधळपट्टी नसेल. दोन्हींत फरक आहे.

या अटी पुऱ्या होईपर्यंत थांबणं मला मान्य आहे. त्या पुऱ्या झाल्यावरही भाव पडण्याची वाट बघत बसणं मला मान्य नाही. अब्बा सिमेंट कारखान्यात पॅकिंगला होते. त्यांना बुलेट हवी होती. आधी बहिणीचं लग्न, मग घराचा स्लॅब, हे योग्यच होतं. पण त्यानंतरची सहा-सात वर्षं "जुनी अजून स्वस्त मिळेल" म्हणण्यात गेली. निवृत्तीनंतर पैसे आले तेव्हा गुडघे गेले होते. त्या काळच्या बुलेटला किक मारावी लागायची. दारात उभी असलेली शेजाऱ्याची बुलेट ते फडक्याने पुसून द्यायचे. किमतीच्या तक्त्यात गाडीचं वय असतं, माणसाचं नसतं. मी पंचेचाळिशीत आहे. रात्री समोरच्या ट्रकचे दिवे आताच डोळ्यांना खुपतात.

आमच्या भागात जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी चार गोष्टी. जुलै २०२२ मध्ये वर्धा आणि इरई नद्यांना पूर आले होते. म्हणून सीटखालचे लोखंडी रूळ गंजलेत का, सीटबेल्ट पूर्ण ओढल्यावर चिखलाचे डाग दिसतात का, ते पाहा. सिमेंट आणि कोळशाच्या धुळीत फिरलेल्या गाडीचा एअर फिल्टर आणि एसी आधी उघडायला लावा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका; फॉर्म २९ आणि ३० वर सही होऊन गाडी नावावर झालीच पाहिजे. आणि विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही.

माझं उत्तर ठरलं आहे. मुलीच्या दोन वर्षांच्या पैशांचा शेवटचा हिस्सा या मार्चपर्यंत जमेल, इन्शाअल्लाह. त्यानंतर दुरुस्तीची रक्कम वेगळी काढून, रोखीत जी चांगली गाडी बसेल ती घेईन. पुढच्या वर्षी तीच पन्नास हजारांनी स्वस्त झाली तर होऊ दे. ते वर्ष मी ती चालवलेली असेल. गाडीला धूळ लागेल, किंमत उतरेल आणि पहाटे फजरनंतर रस्ता रिकामा असताना राजुऱ्यापर्यंत जाऊन यायला मला कुणाचा भाव विचारावा लागणार नाही.