आयोगाने शेंद्र्याला यावे

प्रति,
मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोग, मुंबई

महोदय,

जालना रोडने शेंद्रा एमआयडीसी ओलांडली की पुढे करमाड लागते. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात राबणारी ही माणसे टाळेबंदीत पायीच मध्य प्रदेशातल्या गावी निघाली होती. त्यांनी सोबत घेतलेल्या पोळ्या रुळांवर विखुरल्या होत्या.

अशा मजुरांसाठी कायदा नव्हता असे नाही. १९७९ साली भारताने मानवी हक्कांचे दोन्ही आंतरराष्ट्रीय करार स्वीकारले आणि त्याच वर्षी आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा केला. नोंदणी, पासबुक, निवारा, प्रवासभत्ता हे सारे त्यात होते. कमी पडली ती अंमलबजावणी.

आज शेंद्र्यात पाळी सुटताना गेटवर उभे राहा आणि ठेकेदाराकडच्या कोणत्याही कामगाराला विचारा: पगाराची स्लिप मिळते का? पीएफ भरला जातो का? ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळतो का? प्रेसमध्ये बोट गेले तर ईएसआयचे कार्ड आहे का? न्याय्य मोबदला आणि विश्रांती हा प्रत्येक माणसाचा हक्क आहे, असे १९४८ च्या जागतिक जाहीरनाम्याची २३ आणि २४ वी कलमे सांगतात. तो घडवणाऱ्यांत आपल्या हंसाबेन मेहता होत्या. त्याला परका म्हणण्याची सोय आपल्याला नाही.

हा कंपनी आणि ठेकेदार यांच्यातला मामला, असे म्हणून विषय मिटवला जातो. पण १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्यानुसार हक्कभंग रोखण्यात लोकसेवकाने केलेली हयगयही आयोगाच्या चौकशीत येते. कारखान्यांची तपासणी हे सरकारचेच काम आहे. आपल्याला स्वतःहून दखल घेता येते. तक्रारीची वाट पाहिली, तर ती येणार नाही. घटनेपासून वर्षाच्या आत दाद मागावी लागते, आणि गेटपास जाईल या धास्तीने परगावचा माणूस तोंड उघडत नाही.

म्हणून विनंती आहे. शेंद्र्यात सुट्टीच्या दिवशी मराठी आणि हिंदीतून जाहीर सुनावणी घ्या. कामगार खाते आणि औद्योगिक सुरक्षा संचालनालयाकडून ठेकेदारनिहाय नोंदी मागवा. अहवाल लोकांसमोर ठेवा, आणि बोलणाऱ्या कामगाराचे काम जाणार नाही याची हमी सरकारकडून घ्या. जगापुढे मान्य केलेले हक्क आपल्याच कारखान्यांच्या गेटवर मिळत नसतील, तर त्या मान्यतेला अर्थ नाही.

आपला,
शेंद्रा परिसरातील एक नागरिक