उसनी भूमी, स्वतःचा समूह : आभासी विश्वांतील चित्रपटनिर्मितीविषयी

चित्रपट ही सामूहिक कला आहे, हे विधान मराठी समीक्षेत इतक्यांदा केले गेले आहे की त्याचा अर्थ तपासून पाहण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. दिग्दर्शक, छायालेखक, नट, संकलक अशा निरनिराळ्या कौशल्यांच्या व्यक्तींनी एका कृतीपुरते एकत्र येणे, एवढाच अर्थ त्यात बहुधा अभिप्रेत असतो. कृती पूर्ण झाली की समूह विसर्जित होतो. गेल्या तीन दशकांत संगणकीय खेळांच्या आणि आभासी विश्वांच्या आत जी चित्रपटनिर्मिती होत आली आहे, तिने या शब्दाचा वेगळा अर्थ पुढे आणला आहे. येथे समूह कृतीच्या आधीपासून अस्तित्वात असतो, कृतीत पात्ररूपाने वावरतो आणि कृतीचा पहिला आस्वादकही तोच असतो. ‘मशिनिमा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकाराकडे तंत्रज्ञानाचा एक चमत्कार म्हणून पाहण्याची रीत आहे. ती दिशाभूल करणारी आहे. या प्रकाराचा इतिहास पाहता असे दिसते की, त्याचे यशापयश यंत्रांच्या क्षमतेपेक्षा समूहाने आपली साधने, आपली समीक्षा आणि आपली स्मृती कशी सांभाळली यावर अधिक ठरत आले आहे.

प्रथम प्रकाराचे स्वरूप स्पष्ट करणे इष्ट ठरेल. नेहमीच्या संगणकीय सचेतपटात प्रत्येक चित्र आधी तयार करून ठेवले जाते. मशिनिमात खेळाची यंत्रणा दृश्य त्या त्या क्षणी उभे करते. खेळाडू आपापली पात्रे चालवतात, एखादा खेळाडू केवळ पाहणाऱ्याची म्हणजे कॅमेऱ्याची भूमिका घेतो, आणि जे घडते त्याची नोंद होते. अभिनय, कठपुतळीचा खेळ आणि चित्रीकरण या तिन्हींचे काही गुण त्यात एकत्र येतात.

या प्रकाराचा आरंभ सामान्यतः १९९६ मध्ये मानला जातो. त्या वर्षीच्या जूनमध्ये ‘क्वेक’ हा खेळ बाजारात आला आणि ऑक्टोबरमध्ये तो खेळणाऱ्या ‘रेंजर्स’ नावाच्या गटाने ‘डायरी ऑफ अ कॅम्पर’ ही सुमारे दीड मिनिटाची कृती प्रसृत केली. एका जागी दबा धरून बसणाऱ्या व येणाऱ्याजाणाऱ्याला टिपणाऱ्या खेळाडूला खेळाडूंच्या बोलीत ‘कॅम्पर’ म्हणतात. अशा एका खेळाडूवर रेंजर्स चालून जातात, एवढेच तिचे कथानक. संवाद पडद्यावर उमटणाऱ्या अक्षरांतून होतात. कलाकृती म्हणून तिचे मोल मर्यादित आहे. तथापि दोन गोष्टी लक्षणीय आहेत. एक, तिच्यातील विनोद ‘कॅम्पर’विषयीचा खेळाडूंचा सार्वत्रिक राग ठाऊक असणाऱ्यालाच कळतो. दोन, ती चित्रफीत नव्हती. खेळातील हालचालींची नोंद असलेली ती एक छोटी संगणकीय फाइल होती आणि ज्याच्याजवळ मूळ खेळ असेल त्यालाच ती पाहता येत असे. अशा नोंदीत कॅमेऱ्याचे स्थान मागाहून बदलण्याची साधने खेळाडूंनीच लिहिली व परस्परांना देऊन टाकली. म्हणजे भाषा, प्रेक्षक आणि उपकरणे, तिन्ही समूहाने स्वतःच्या गरजेतून घडवली होती. खेळ तयार करणाऱ्या कंपनीने यातील काही योजलेले नव्हते.

प्रकाराला नावही समूहातूनच मिळाले. १९९८ मध्ये अँथनी बेली आणि ह्यू हॅनकॉक यांच्या चर्चेतून ‘मशीन’ आणि ‘सिनेमा’ या शब्दांचा जोड तयार झाला. वर्णलेखनात एक अक्षर चुकले आणि त्या चुकीत सचेतपटाकडे निर्देश करणारी छटा सापडल्याने ती तशीच ठेवण्यात आली. एडिंबराच्या हॅनकॉक यांनी जानेवारी २००० मध्ये त्याच नावाचे संकेतस्थळ सुरू केले. तेथे कृतींबरोबर त्या कशा केल्या याची माहिती आणि कृतींवरील चर्चा यांना जागा होती. २००२ मध्ये या क्षेत्रातील काही निर्मात्यांनी एक अकादमी स्थापन करून महोत्सव व पुरस्कार सुरू केले. विखुरलेल्या हौशी लोकांचे रूपांतर निर्मितिसमूहात होताना नाव, व्यासपीठ, शिकवण्याची सोय आणि गुणवत्तेविषयी वाद घालण्याची जागा या चार गोष्टी लागतात, असे या घटनाक्रमावरून दिसते. त्यांपैकी शेवटची गोष्ट सर्वांत कमी टिकली, आणि तिची उणीव पुढे सर्वांत जास्त जाणवली.

या प्रकारावर घेतला जाणारा मुख्य आक्षेप मौलिकतेचा आहे. नेपथ्य दुसऱ्याचे, पात्रांचे देह दुसऱ्याचे, तर निर्मात्याचे स्वतःचे काय, असे विचारले जाते. या आक्षेपाला २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘रेड व्हर्सेस ब्लू’ या अमेरिकी मालिकेचे उदाहरण उत्तर देते. ‘हेलो’ या युद्धखेळातील सैनिकांचे चेहरे शिरस्त्राणाआड असतात, मुद्राभिनय अशक्यच. निर्मात्यांनी बोलणाऱ्या पात्राची मान हलवण्याचा संकेत रूढ केला. खेळातील एका त्रुटीमुळे पात्राने पिस्तूल जमिनीकडे रोखले तरी त्याची नजर समोर दिसत असे. तिचा उपयोग करून त्यांनी लढण्यासाठी घडवलेल्या सैनिकांना नुसते उभे राहून गप्पा मारायला लावले. युद्धाच्या यंत्रणेतून युद्धाच्या निरर्थकतेचा विनोद उभा राहिला. पुढे ‘हेलो’च्या दुसऱ्या भागात शस्त्र खाली करण्याची सोयच देण्यात आली. उसन्या सामग्रीने कल्पकतेला बांधले, हे खरे. पण संकेतांची भाषाही त्या बंधनातूनच घडली.

याहून गंभीर उदाहरण ‘द फ्रेंच डेमोक्रसी’चे आहे. २७ ऑक्टोबर २००५ रोजी पॅरिसजवळील क्लिशी-सू-ब्वा येथे पोलिसांपासून लपताना झियेद बेन्ना आणि बुना त्राओरे हे दोन किशोर वीज-उपकेंद्रात मृत्युमुखी पडले आणि फ्रान्सच्या उपनगरांत दंगली उसळल्या. ॲलेक्स चान या चित्रपटनिर्मितीचा पूर्वानुभव नसलेल्या तरुणाने त्याच नोव्हेंबरमध्ये ‘द मूव्हीज’ या नुकत्याच आलेल्या खेळाचा वापर करून सुमारे तेरा मिनिटांची कृती केली. स्थलांतरितांच्या मुलांना नोकरीत, रस्त्यावर, पोलिसांसमोर सोसावी लागणारी अवहेलना तिचा विषय होती. त्या खेळात फ्रेंच उपनगराचे नेपथ्य नव्हते. अमेरिकी धर्तीच्या तयार दृश्यांवर भागवावे लागले. तरीही वृत्तमाध्यमांनी तिची दखल घेतली, कारण ज्यांच्याविषयी सगळे बोलत होते त्यांच्या बाजूने बोलणारी ती एक कृती होती. मोठे भांडवल व यंत्रसामग्री नसलेल्या माणसाला काही आठवड्यांत आपले म्हणणे चित्रपटाच्या भाषेत मांडता आले, ही या प्रकाराची सामाजिक शक्यता होय.

अलीकडच्या दोन माहितीपटांनी या शक्यतेला आणखी एक परिमाण दिले. जो हंटिंग यांचा ‘वी मेट इन व्हर्च्युअल रिॲलिटी’ (२०२२) संपूर्णतः ‘व्हीआरचॅट’ या आभासी विश्वात चित्रित झाला असून त्यात तेथे चालणारा सांकेतिक भाषेचा वर्ग येतो. २०२१ च्या टाळेबंदीत काम गमावलेल्या सॅम क्रेन आणि मार्क ओस्टरव्हीन या दोन ब्रिटिश नटांनी ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ या हिंसक खेळाच्या नगरात ‘हॅम्लेट’ बसवण्याचा घाट घातला. क्रेन आणि पिनी ग्रिल्स यांनी त्यावर केलेला ‘ग्रँड थेफ्ट हॅम्लेट’ २०२४ मध्ये प्रदर्शित झाला. नटांच्या चाचण्या चालू असता अनोळखी खेळाडू येऊन गोळ्या झाडतात. कोणी प्रेक्षक होतो, कोणी भूमिका मागतो. तालीम आणि तिचे विघ्न दोन्ही चित्रपटाचा भाग होतात. समूह कसा जमतो हाच येथे कथाविषय झाला आहे.

आता दुसरी बाजू. ही सारी निर्मिती उसन्या भूमीवर उभी आहे. खेळातील चित्रे कोणाची, हा प्रश्न कंपन्यांनी आपल्या सोयीने सोडवला. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या खेळांतील सामग्री वापरण्याचे नियम जाहीर केले; अव्यापारी निर्मितीला त्यांनी मुभा दिली, पण ती मुभाच होती, हक्क नव्हे. व्यासपीठांची कथा अधिक बोलकी आहे. हॅनकॉक यांचे संकेतस्थळ २००६ मध्ये दुसऱ्यांच्या हाती गेले आणि त्यातून मोठी व्यापारी चित्रफीत-कंपनी झाली. २०१६ मध्ये ती वॉर्नर ब्रदर्सने घेतली. जानेवारी २०१९ मध्ये तिच्या मुख्य वाहिनीवरील चित्रफिती एकाएकी सार्वजनिक दृष्टीआड करण्यात आल्या आणि पुढच्याच महिन्यात ८१ कर्मचाऱ्यांना काढून कंपनीचा गाशा गुंडाळण्यात आला. ‘रेड व्हर्सेस ब्लू’ करणारी ‘रूस्टर टीथ’ ही संस्था बंद करण्याचा निर्णय मार्च २०२४ मध्ये तिच्या मालक-कंपनीने जाहीर केला. २०२५ मध्ये मूळ संस्थापकांपैकी बर्नी बर्न्स यांच्या कंपनीने संस्थेचे नाव आणि या मालिकेसह काही कृती विकत घेतल्या. स्वतः आरंभ केलेली कृती निर्मात्याला बाजारभावाने परत घ्यावी लागली.

यातून समूह उभारणीविषयीच्या एका रूढ समजुतीची मर्यादा स्पष्ट होते. प्रेक्षकसंख्या वाढली की समूह बळकट झाला, असे मानले जाते. वस्तुतः प्रेक्षकसंख्या वाढत गेली तसतसे समूहाचे कार्यक्षेत्र आकुंचित होत गेले. शिकवणे, साधने वाटून घेणे, कृतीची बरीवाईट चिकित्सा करणे ही कामे मागे पडली आणि उरले ते दाखवणे व पाहणे. पाहणाऱ्यांचा जमाव व्यासपीठाबरोबर पांगतो.

याच्या उलट उदाहरणही याच इतिहासात आहे. ‘क्वेक’च्या यंत्रणेची मूळ संगणक-संहिता डिसेंबर १९९९ मध्ये मुक्त परवान्याखाली खुली करण्यात आली. खेळातील चित्रे खुली झाली नाहीत, पण यंत्रणा अभ्यासण्याचा, दुरुस्त करण्याचा, नव्या संगणकांवर आणण्याचा अधिकार सर्वांना मिळाला. जुन्या ‘क्वेक’-नोंदी आजच्या यंत्रांवर पुन्हा चालवता येतात, यामागे हे एक महत्त्वाचे कारण आहे. मूळ यंत्रणा बंदिस्त असती तर १९९६ ची ती छोटी फाइल निरुपयोगी अंकांची रांग होऊन राहिली असती. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे हेन्री लोवूड यांनी ‘इंटरनेट आर्काइव्ह’मध्ये मशिनिमाचा संग्रह उभा करण्यात पुढाकार घेतला, तोही याच जाणिवेने.

मराठी साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. जाते हे दळण्याचे साधन. त्याच्या लयीवर बायकांनी ओवी रचली. रचणारी, म्हणणारी आणि ऐकणारी एकाच घरातील, एकाच आळीतील होती. कर्तृत्वाची सही कोणी केली नाही. गिरण्या आल्या, जाते बाजूला पडले आणि ओवीची भूमीच गेली. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव जाऊन संकलन केले म्हणून एक लाखाहून अधिक ओव्या आज अभ्यासाला उपलब्ध आहेत. कचेरीतील परिपत्रकांसाठी असलेल्या सायक्लोस्टाइल यंत्रावर कवींनी अनियतकालिके काढली. त्यांचे अंक आज मिळवताना संशोधकाची जी दमछाक होते, ती याच विभागांतील अनेकांच्या अनुभवाची आहे. दुसऱ्या कामासाठी केलेल्या साधनातून निर्माण झालेली समूहाची कला त्या साधनाबरोबर नाहीशी होण्याचा धोका नेहमीच असतो. ओवीच्या बाबतीत संकलक वेळेवर पोहोचले. ओवी म्हणणाऱ्या स्त्रिया हयात होत्या आणि त्यांच्या स्मरणात ती टिकून होती. आभासी विश्वाच्या बाबतीत अशी सवड मिळणार नाही. ते ज्या सेवायंत्रावर चालते ते बंद झाले की नेपथ्य, पात्रे आणि रंगमंच एकाच क्षणी जातात.

कंपन्यांच्या औदार्यावर न विसंबता आणि केवळ हौसेवर न सोडता काय करता येईल, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर समूहाच्या रचनेतच शोधावे लागेल. प्रत्येक कृतीबरोबर ती कोणत्या खेळात, त्याच्या कोणत्या आवृत्तीत, कोणत्या साधनांनी, कोणत्या परवान्याखाली झाली याची नोंद ठेवणे. जी साधने स्वतः लिहिली ती खुली ठेवणे. तयार चित्रफितीची प्रत एकाहून अधिक ठिकाणी, शक्यतो सार्वजनिक संग्रहात ठेवणे. आणि कृतींविषयी लिहिणे. यातील शेवटचे काम विद्यापीठांच्या साहित्य विभागांना करता येण्यासारखे आहे. संहितेची आवृत्ती निश्चित करणे, पाठभेद नोंदवणे, निवेदकाचे स्थान तपासणे, मौखिक साक्ष मिळवणे ही या विभागांची नित्याची कामे होत. कॅमेरा हेही निवेदकाचे एक स्थान आहे, आणि खेळाची बदलती आवृत्ती हा पाठभेदाचाच एक प्रकार आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी अनेकजण या विश्वांत वावरलेले असतात. त्यांच्या या अनुभवाला अभ्यासक्रमात प्रवेश मिळत नाही. एखाद्या महाविद्यालयाने अशा पाच-दहा कृतींची सविस्तर वर्णनात्मक सूची व त्यांची समीक्षा करण्याचे काम त्यांच्यावर सोपवले, तर त्यातून प्रबंधिकांना विषय मिळतील आणि मराठीत या प्रकाराची परिभाषाही घडू लागेल. आज ‘मशिनिमा’ हा परका शब्दच वापरावा लागतो. अभ्यास सुरू झाल्यावर त्याला मराठी पर्याय मिळेल, किंवा ‘नाटक’ आणि ‘सिनेमा’ यांच्या शेजारी तो शब्दही रुळेल.