सिझरच्या वेळी रक्तदाब का उतरतो?



गेल्या पौर्णिमेला विहारात एका मावशींनी विचारले, "सुनेला सिझरसाठी कमरेत इंजेक्शन दिले आणि तिला मळमळून आले, डोळ्यांपुढे अंधारी आली. डॉक्टरांचे काही चुकले का?" बहुधा नाही. त्या औषधाचा गुणच तसा आहे.

कमरेतल्या भुलीने खालचे अंग बधिर होते, आई जागी राहते, बाळाचे पहिले रडणे तिच्या कानी पडते. पण रक्तवाहिन्यांना आवळून धरणाऱ्या नसाही त्याच औषधाने सैलावतात. रक्त पायांकडे साठते, हृदयाकडे कमी परतते आणि दाब उतरतो. त्यात आई उताणी असेल तर गर्भाशयाचे ओझे पोटातल्या मोठ्या शिरेवर पडते. दाब बराच वेळ उतरलेला राहिला तर वारेतून बाळाला मिळणारे रक्तही घटते.

कोणाचा उतरेल हे आधी नेमके सांगता येत नाही. तरी उताणे निजल्यावर जिला गरगरते, जिची नाडी आधीच जलद आहे, तिच्यावर भूलतज्ज्ञ अधिक लक्ष ठेवतात. उजव्या कुशीखाली उशी देऊन तिला डावीकडे कलते करतात आणि सलाईन जोरात सोडतात. नुसते सलाईन पुरत नाही, म्हणून फेनिलेफ्रीनसारखे रक्तवाहिन्या आवळणारे औषध शिरेतून देतात. दाब पडण्याची वाट न पाहता ते सुरुवातीपासूनच द्यावे आणि वरचा आकडा नेहमीच्या ९० टक्क्यांखाली जाऊ देऊ नये, असा सल्ला २०१८ साली जगातल्या तज्ज्ञांनी दिला. म्हणजे नेहमी १२० असेल तर १०८ च्या वर.

आता घरच्यांचे काम. 'उद्या ऑपरेशन' म्हटले की आपल्याकडे संध्याकाळपासून तिला पाण्याचा थेंब देत नाहीत. ठरवून केलेल्या सिझरला जेवण बंद असते. साधे पाणी मात्र बहुधा दोन तास आधीपर्यंत चालते. डॉक्टरांना विचारून घ्या. विचारायला कसला संकोच? कामगार स्त्रीला बाळंतपणाची पगारी रजा मिळावी म्हणून बाबासाहेब १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात उभे राहिले होते.

आणि भगिनींनो, वॉर्डात कोणी खेकसले म्हणून टेबलावर गप्प राहू नका. मळमळ हीच पुष्कळदा दाब उतरल्याची पहिली खूण असते. डोक्याशी असलेल्या भूलतज्ज्ञांना तेवढे सांगितले की ते लगेच दाब पाहून औषध वाढवतात. नंतरही पाय काही तास जड राहतात. सिस्टर सांगेपर्यंत तिला खाटेवरून उतरवू नका.