उत्तर मागणारी कला

प्रौढ मताधिकाराने या देशातील प्रत्येक स्त्री-पुरुषास राज्यकर्ते निवडण्याची सनद दिली खरी. परंतु चारचौघांत उभे राहून प्रश्न विचारण्याची, आणि आपणांस विचारलेल्या प्रश्नाचे प्रांजळ उत्तर देण्याची सवय कायद्याच्या कलमाने अंगी बाणत नाही. महाराष्ट्रात ती सवय ज्या कलांनी लावली, त्यांत गाडगेबाबांच्या कीर्तनाचे स्थान मला अनन्यसाधारण वाटते; आणि त्यांना आपण संतपदी बसवून त्यांच्या कलेचा विचार करणे मात्र सोडून दिले, याची खंतही वाटते.

परंपरेने चालत आलेल्या कीर्तनात बुवांनी निरूपण करावे आणि श्रोत्यांनी माना डोलवाव्या, असा प्रघात होता. बाबांनी तो मोडला. कर्ज काढून सण करावा काय, नवसापायी मुक्या जनावराचा बळी द्यावा काय, पोराला शाळेत न घालता ढोरांमागे धाडावे काय, असे प्रश्न ते आपल्या वऱ्हाडी बोलीत समुदायापुढे टाकीत, आणि हजारोंच्या मुखातून उत्तर आल्यावाचून पुढे सरकत नसत. उत्तर चुकले की प्रश्न फिरवून पुन्हा येई, मध्येच नामाचा गजर उसळे, आणि त्या लयीत सापडलेला शेतकरी आपल्याच तोंडाने आपल्या कर्जाचा आणि व्यसनाचा निवाडा करून मोकळा होई. यात केवढी कला होती! कोठे थांबावे, कोठे हसवावे, हसणे ओसरण्यापूर्वी जिव्हारी कसे लागावे, हे नाट्यकलेतील मर्म शाळेचे तोंड न पाहिलेल्या या परिटाच्या मुलाने पूर्णपणे आत्मसात केले होते.

परंतु केवळ कलेच्या बळावर कोणी कोणास असा जाब विचारू शकत नाही. रात्री प्रश्न विचारणारा हा माणूस दिवसा त्याच गावाचे रस्ते खराट्याने झाडताना लोकांनी पाहिलेला असे. तो पायांस कोणाला हात लावू देत नसे. नाशिक, पंढरपूर, आळंदी अशा ठिकाणी लोकांच्या देणग्यांतून त्याने धर्मशाळा उभ्या केल्या, पण त्यांच्या मिळकतीवर स्वतःचा वा स्वतःच्या कुटुंबाचा हक्क ठेवला नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. कलावंताचे चारित्र्य आणि त्याची कलाकृती यांची गल्लत करू नये, असे साहित्यशास्त्राचे अभ्यासक बजावतात, आणि एकांतात वाचावयाच्या काव्यापुरते ते मला मान्यही आहे. मात्र जो कलावंत गावाकडे हिशेब मागतो, त्याच्याकडे गावही हिशेब मागणारच. तेथे शील हा कलेचाच एक घटक होतो.

आज घटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने ग्रामसभेस घटनात्मक अधिष्ठान लाभले आहे, आणि सभा भरविण्याचे दिवसही ठरून गेलेले आहेत; तरी कित्येक गावी ती दफ्तरातील सह्यांपुरती उरते, कारण सरपंचास भर सभेत प्रश्न विचारणे म्हणजे वैर धरणे, अशी समजूत अद्याप दृढ आहे. त्याच गावच्या उत्सवात मोठ्या रकमा मोजून आणलेले कार्यक्रम होतात, आणि त्यांत श्रोत्यांकडून टाळ्यांपलीकडे कशाचीच अपेक्षा नसते. शासनाने २००० साली बाबांच्या नावे ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले व त्यातून पुष्कळ गावे उजळली, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. तथापि बाबांचा खराटा जसा उचलला गेला, तशी त्यांची प्रश्न विचारण्याची रीत उचलली गेली नाही.

म्हणून ग्रामपंचायतींना माझी आग्रहाची सूचना आहे. ग्रामसभेच्या आदल्या रात्री कीर्तन, भारूड वा पथनाट्य, ज्या कलेची परंपरा त्या गावात जिवंत असेल ती, श्रोत्यांना बोलते करण्याच्या अटीवरच योजावी. तिच्यासाठी अंदाजपत्रकात अल्पशी तरतूद करावी. कलावंताची निवड करताना त्याच्या प्रसिद्धीपेक्षा त्याच्या वर्तनाची चौकशी आधी करावी. आणि पाणीपट्टीपासून रस्त्याच्या कंत्राटापर्यंतचा गावचा जमाखर्च त्याच्या हाती देऊन त्यावर त्याने सर्वांदेखत, प्रथम सरपंचास आणि मग करबुडव्यांस, प्रश्न विचारावेत.