झाडपाल्याचे आहे, त्याने काय होतंय?

खडकवासल्याला धरणाच्या अलीकडे आमच्या नात्यातले एक घर आहे. मध्यंतरी तिथे गेलो असता सूनबाईला दुसरा महिना लागल्याचे कळले. आधीच्या दोन्ही मुली. चहा होतो न होतो तोच आत्याबाईंनी फडताळातून एक पुडी काढली. "पाठीशी गोऱ्हा असलेल्या गायीच्या दुधातून द्यायची. तिसरा लागायच्या आत दिली की मुलगाच!" पुडीवर ना नाव, ना गाव. आम्ही विचारले, तर म्हणाल्या, "अरे, झाडपाल्याचं आहे. त्यानं काय होतंय?"

काय होते ते माता-भगिनींनी नीट ऐकावे.

मुलगा की मुलगी, हे गर्भ राहतो त्याच वेळी पित्याच्या बीजावरून ठरून जाते. पुढे कोणत्याही पुडीने ते बदलत नाही. बदलते ते दुसरेच. हरियाणात अशा पुड्या घेण्याची चाल आहे. तिथल्या पाहणीचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. पुडी घेतलेल्या मातांच्या पोटी जन्मतः व्यंग असलेले मूल येण्याचा धोका जवळपास तिप्पट आढळला. दुसरा-तिसरा महिना हा बाळाचे अवयव घडण्याचा काळ, आणि पुडी नेमकी तेव्हाच दिली जाते!

शिकलेल्या घरांतही हेच. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क शहरात सहा गरोदर स्त्रियांच्या रक्तात शिसे वाढलेले सापडले. त्या सगळ्यांनी भारतात बनलेली आयुर्वेदिक औषधे घेतली होती. शिसे वारेतून बाळापर्यंत पोहोचते आणि त्याच्या मेंदूला इजा करते.

याचा अर्थ स्वयंपाकघरातले सगळे टाकून द्यावे असा नाही. भाजी-आमटीतले आले, लसूण, जिरे, ओवा, हळद यांची भीती नको. मळमळीवर आल्याचा लहानसा तुकडा चालतो. पण तोच पदार्थ वाटीभर काढा, चूर्ण किंवा गोळी होऊन रोज पोटात जाऊ लागला की तो आहार राहत नाही, औषध होतो. जे औषध गुण देते, ते अवगुणही देऊ शकते. कोरफडीचा रस आणि एरंडेल गरोदरपणी मनाने घेऊ नये. जेष्ठमधाचा काढा रोज नको. कच्च्या पपईचा चीक गर्भाशयाला आकुंचन आणू शकतो, म्हणून ती टाळावी. भस्म असलेली औषधे तर विचारल्याशिवाय नकोतच.

बाळंतपणानंतर हळिवाची खीर, डिंकाचे लाडू खुशाल खावेत. मात्र दूध वाढते ते मुख्यतः बाळाला वरचेवर पाजल्याने. शतावरी किंवा बाळंतकाढा घ्यायचा असेल तर आधी विचारावे, कारण आईच्या पोटातले थोडेफार दुधातून बाळाला जाते. आणि पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काही नको, पाणीसुद्धा नको. सहाणेवर उगाळलेली गुटीही नको. डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध तेवढे अपवाद.

आम्ही कारकुनी करणारी माणसे. पावती नसलेला खर्च आम्ही वहीत चढवत नाही. मग नाव नसलेली पुडी पोटच्या लेकराला कशी द्यायची? औषधावर बनवणाऱ्याचे नाव, परवाना क्रमांक, घटक आणि मुदत असलीच पाहिजे. आमचे वैर वैद्यांशी नाही. नोंदणी असलेल्या वैद्याकडे जावे, पण दिवस गेलेत हे सांगावे, आणि काय घेतो ते डॉक्टरीणबाईंपासून लपवू नये. पुडी आधीच घेतली गेली असेल तर घाबरून गप्प बसू नये, उरलेली दाखवावी.

देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. सरकारी दवाखान्यात लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या फुकट मिळतात. चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस. त्या कडू लागतात म्हणून फेकायच्या आणि पुडीला पैसे मोजायचे, हा कसला हिशेब?

हे सारे आम्ही त्या घरी सांगितले. सूनबाई उठली आणि पुडी आमच्या हातात देऊन म्हणाली, "मामा, दवाखान्यात कधी जायचं?" दुसऱ्या दिवशी नाव नोंदवून आलो. आत्याबाई अजून रुसल्या आहेत. नात असो की नातू, बाळ धडधाकट मांडीवर आले की रुसवा जाईल.